पडकईतला आमचा नंबर

आमच्या बाने जन्मात तीन मोठी कामं केली आणि तिन्ही सरकारची. डिंगोऱ्याकडचा रस्ता, महाळुंगे पडवळच्या ओढ्यावरचा बंधारा आणि लोणीच्या बाजूचा एक पाझर तलाव. एसटी तिकडून निघाली की तो खिडकीतून हात बाहेर काढायचा. "त्ये बघ बाय, त्या वळनाची दरड मी फोडली." शेजारी कोणी अनोळखी बसलेलं असलं तर त्यालाही सोडायचा नाही. "पावणं, ह्यो रस्ता आमचा बरं का." पावणा हसायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी त्याचा सदरा ओढून म्हणायची, "बा, हात आत घे, तुटंल."

लोणीचा तलाव त्यातला सगळ्यात जुना. बहात्तरच्या दुष्काळात माझी आजी त्याला घेऊन डोंगर उतरली आणि पार पूर्वेला दुष्काळी कामावर गेली. ती माती खणायची, हा घमेली वाहायचा आणि दुपारी दोघांना खायला पिठाची सुकडी मिळायची. त्या सुकडीची चव तो म्हातारपणीही सांगायचा, कधी गोड म्हणून, कधी कडू म्हणून, त्या दिवशी त्याचा नूर कसा असेल तशी. तो तलाव अजून आहे आणि त्याच्या खाली चांगला कांदा निघतो. बा मात्र त्याचं पाणी ओंजळभरही प्याला नाही, कारण तलावात पाणी साठायच्या आत आमची माणसं डोंगरावर परतली होती.

दुष्काळ पडो, मंदी येवो, नाहीतर रोग येवो, लोकांच्या हातचं काम गेलं की सरकारला आमची आठवण येते, आणि आठवण आली की ते आमच्या हातात टिकाव देतं. मी नावं ठेवत नाही. त्या टिकावावरच आमच्या चुली पेटल्या. पण काम नेहमी दुसऱ्याच्या गावात आणि दुसऱ्याच्या रानासाठी असायचं. आमच्या स्वतःच्या रानात बाने काय केलं, असं कोणी विचारलं असतं तर दाखवायला काही नव्हतं.

रान म्हणजे तरी काय, घराच्या वरच्या अंगाला एक उतार. आंबेगावच्या पश्चिमेला, जिथं डांबरी रस्ता संपतो आणि मोबाईलची रेंजही संपते, तिथं आमची वाडी. उतारावर दोन वर्षं नाचणी, वरई घ्यायची आणि मग जमीन पडीक टाकायची. भात पिकवायचा तर उतार फोडून सपाट खाचर करावं लागतं. वरचा कातळ फोडायचा, खालच्या कडेला दगडांची ताल, म्हणजे बांध, रचायची, मध्ये मुरूम आणि वर माती भरायची. ते एकट्या माणसाचं काम नाही. बाने त्या उतारावर खाचर कुठून कुठवर होईल ते तीस वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलं होतं. चार कोपऱ्यांना चार दगड ठेवले होते आणि गुरांनी ते पाडले की तो जाऊन परत उभे करायचा. आई होती तेव्हा तिला म्हणायचा, "हितं खाचर झालं ना, की तुला इकतचा तांदूळ शिजवू द्यायचा नाय." आई रेशनचाच तांदूळ शिजवत गेली. त्यानंतर बा ते वाक्य कोणाला म्हणायचा नाही, पण दगड उभे करायचा.

तुम्ही म्हणाल, मग गावाने मिळून का केलं नाही? आमच्यात त्याला रीत आहे. तिला पडकई म्हणतात. शिमगा झाला की पावसापर्यंत रानात काम नसतं. तेव्हा वाडीतल्या प्रत्येक घरातून एक माणूस निघायचं, आणि सगळ्यांनी मिळून आज याच्या उतारावर, उद्या त्याच्या उतारावर खाचर बांधायचं. पैसा नाही, मजुरी नाही. तू माझ्याकडे राबलास, मी तुझ्याकडे राबेन. नंबर कसा लावायचा तेही ठरलेलं. वर्षात ज्या घरात मयत झाली असेल त्या घराचा नंबर पहिला. ज्या घरातला हात गेला त्या घराला आधी हात द्यायचा, एवढं साधं. मग बाकीची घरं, आणि जो नंबर लावतो तो शेवटी. वाडीत शब्दाला मान म्हणून नंबर लावायचा बा. त्यामुळे आमचं घर कायम शेवटी, आणि आमच्यापर्यंत यायच्या आत पाऊस. पुढे पोरं चाकणला कंपनीत, पोरी नारायणगावला टोमॅटोच्या तोडणीला जायला लागल्या आणि पडकईच मोडली. आजी आणि आई गेल्या त्या त्यानंतर, तेव्हा नंबर लावायला पडकईच उरली नव्हती.

मीही त्या गेलेल्यांतलीच. सासरचं माझं जमलं नाही, ते सांगायची ही जागा नव्हे. चाकणला एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायचं काम करत होते, कॉन्ट्रॅक्टवर. लॉकडाऊन लागला आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यांना सगळ्यात आधी नारळ मिळाला. खोलीवाली म्हणाली, भाड्याचं नंतर बघू, आधी गावाला जा. भाजीच्या रिकाम्या टेम्पोत क्रेटवर बसून मंचरपर्यंत आले, तिथून पुढे बरंचसं चालत. बा दारात उभा होता. त्याने मला शाळेतल्या खोलीत चौदा दिवस राहायला पाठवलं आणि रोज खिडकीत भाकरी ठेवून लांब जाऊन बसायचा. लांबून ओरडायचा, "खाल्लीस का?" त्याला तेव्हाच दम लागायचा, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

वाडीत सगळेच परतले होते आणि सगळ्यांचेच हात रिकामे होते. औषधाला जाणारा बाळहिरडा गोळा करावा तर घ्यायला व्यापारी येईना. अशात एक दिवस ग्रामपंचायतीचा रोजगार सेवक तोंडाला रुमाल बांधून आला आणि आमच्या ओट्यासमोर लांब उभा राहून म्हणाला, "रोजगार हमीतनं भातखाचरांचं काम निघालंय. तुमच्याच रानात. राबायचं तुम्ही, मजुरी सरकारची."

बाला ते पटेना. त्याने तीनदा विचारलं. "आमच्याच रानात?"

"व्हय बाबा, तुमच्याच."

"आन् पैकं सरकारचं?"

"व्हय."

बा हसायला लागला आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. मी पाणी आणलं. तो म्हणाला, "आयला, साठ वर्सं झाली सरकारला, आमचं घर घावायला!" त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत चार दगडांशी जाऊन बसला होता.

यादीत पाच घरं होती आणि पाचांत आम्ही होतो. काम आमच्या जमिनीच्या गटापासून सुरू होणार, तसं कागदावर छापूनच आलं होतं. मी बारावी झालेली, म्हणून मला मेट केलं. मेट म्हणजे हजेरी घेणारी, मस्टर सांभाळणारी. वाडीत मला एकदम मान आला. कालपर्यंत "ती नांदली न्हाई ती" होते, आता "मेटबाई" झाले.

घोडं अडलं ते माझ्या धाकट्या चुलतीपाशी. काकीचा नवरा, म्हणजे बाचा चुलतभाऊ, दिवाळीत हिरड्याच्या झाडावरून पडून गेला होता. तिचा उतार आमच्या उताराला लागून, मध्ये फक्त एक ओहळ. पण तिचं नाव यादीत नव्हतं. जमीन अजून मेलेल्या नवऱ्याच्या नावावर, वारसाची नोंद व्हायची राहिलेली आणि कचेऱ्या बंद. तिने कोणाकडे तक्रार केली नाही. यादी वाचली तेव्हा ती मागे उभी होती आणि वाचून झाल्यावर शेण गोळा करायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सगळे टिकाव, पहारी, घमेली घेऊन जमले. बा पुढे झाला, आमचा उतार ओलांडून, ओहळ ओलांडून सरळ काकीच्या रानात जाऊन उभा राहिला आणि त्याने पहार रोवली.

मी धावत गेले. "बा, इथं नाही. आपला गट पलीकडं."

"ठावं हाय मला आपलं रान कुठं हाय."

"अरे, काम आपल्या नावावर आहे. कागदावर तिचं नावच नाही."

"मयत कुनाच्या घरी झाली?" बाने विचारलं.

तो बाकीच्यांकडे वळला. "मयत कुनाच्या घरी झाली?" सगळ्यांना ठाऊक होतं. एकेक जण ओहळ ओलांडून आला. एक म्हणाला, "मेटबाई, माती तीच, डोंगुर त्योच. हिचं झालं की तुमचं घेऊ. सरकारला खाचरच पायजेल ना?" आणि खरं सांगते, मलाही वाटलं, खरंच, सरकारला खाचरच पाहिजे ना! गाव करील ते राव काय करील. मी मस्टर उघडलं, त्यावर आमचा गट नंबर छापला होता, आणि त्याच्याखाली काकीच्या रानात राबणाऱ्यांच्या हजेऱ्या घेतल्या. लबाडी करतोय असं आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही. उलट कित्येक वर्षांनी पडकई उभी राहिली याचंच सगळ्यांना भरतं आलं होतं.

काय काम झालं म्हणून सांगू! चाकणची पोरं हाताला फोड येऊन रडकुंडीला यायची आणि बा त्यांची टर उडवायचा, "कंपनीनं लोणी लावलंय जनू हाताला." बायकांनी मातीची घमेली वाहिली. काकी सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळे गेल्यावर जायची. कातळ फुटला, ताल उभी राहिली, माती अशी सपाट बसली की काकी तिच्यावरून अनवाणी नुसती फिरत राहिली. दोन आठवड्यांत ते खाचर झालं. बा तालीवर बसून दम खात म्हणाला, "आता आपलं."

मग मोजणीला साहेब आले. तालुक्याहून, मोटारसायकलवर, तोंडाला मास्क, हातात टेप आणि मोबाईल. तरुण पोरगाच होता, बोलायला चांगला. त्यांनी कागद काढला, आमच्या उतारावर उभे राहिले आणि म्हणाले, "काम कुठंय?" तिथं बाचे चार दगड आणि वाळकं गवत.

बाचा चेहरा मला आजही दिसतो. एसटीत बोट दाखवायचा ना, तसाच त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "हिकडं या, सायब, हिकडं. बघा तरी." आणि सगळी वाडी साहेबांना घेऊन ओहळापलीकडे निघाली, नवरदेवाला मांडवात न्यावं तशी. कोणी म्हणालं, ताल बघा. कोणी म्हणालं, माती बघा. साहेबांनी ताल बघितली, वरून चालून बघितलं, मोबाईलमध्ये बघितलं आणि खाली बसले.

"ताई, हा गट दुसरा आहे," ते मला म्हणाले.

मी त्यांना सगळं सांगितलं. मयत, रीत, नंबर. त्यांनी ऐकून घेतलं, टाळाटाळ केली नाही. मग म्हणाले, "मी एवढं चांगलं काम या भागात बघितलेलं नाही. पण माझ्या कागदावर हे कामच नाही. ज्या गटाचं मस्टर आहे तिथं माप शून्य. शून्य मापावर मजुरी निघत नाही. कोणी खोडसाळ असता तर त्याने तुमच्यावर खोट्या हजेरीची केस केली असती. मी ती करत नाही, एवढंच माझ्या हातात आहे." नवीन मस्टर निघेपर्यंत काम बंद ठेवा, असंही सांगून ते गेले.

काकी तालीला टेकून उभी होती. तिने तोंडाला पदर लावला. म्हणाली, "माझ्या मेलीपाई समद्यांची मजुरी बुडली." बायका तिला गप्प करायला लागल्या. कोणी बाला बोललं नाही. एक जण म्हणाला, "जाऊ द्या, पडकईला कवा मजुरी व्हती?" आणि सगळे आपापली घमेली घेऊन घरी गेले. घरात मीठ-मिरचीला पैसा नव्हता आणि तरी कोणी बोललं नाही, हे मला त्या वेळी जास्त लागलं.

बोलले ती मी. नवीन मस्टर यायला लई दिवस लागले. सरकारी काम अन् सहा महिने थांब, त्यात लॉकडाऊन. तोवर व्यापारी परत यायला लागले तसे लोक हिरडे वेचायला रानात पांगले. बा त्यांना फुकट पुन्हा बोलवायला तयार नव्हता. "दोनदा फुकाट कुनाला राबवू नाय," म्हणाला, आणि स्वतः एकटाच पहार घेऊन आमच्या उतारावर जायला लागला. सकाळी निघायचा, चार घाव घालायचा, बसायचा, पुन्हा चार घाव. एकदा मी भाकरी घेऊन गेले तर तो दगडाला पाठ लावून बसला होता, ओठ निळसर पडलेले आणि छातीचा भाता नुसता चाललेला. मला भीती वाटली. आणि मला भीती वाटली की राग येतो, तो दोष माझ्यात पहिल्यापासून आहे.

"खा आता तुझी रीत!" मी म्हणाले. "तेव्हा माझं ऐकलं असतंस तर आज खाचर उभं असतं. जन्मभर दुसऱ्याचीच रानं बांधलीस. मरायच्या आधी एक तरी स्वतःचं बांध."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. दम जरा खाली बसल्यावर म्हणाला, "नंबर येतो गं. पडकईत कुनाचा नंबर आजवर बुडला नाय." मग भाकरी हातात घेतली आणि म्हणाला, "मिरची केलीस का?"

मस्टर आलं ते मेच्या अखेरीला. लोक परत जमले. पहिला दगड घरधन्याने बसवायचा असतो, तालीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं सगळा भार येतो तिथं. बाने त्यासाठी एक भलामोठा काळा दगड कधीचा हेरून ठेवला होता. चौघांनी तो पहारीने सरकवत आणला, पण बसवला त्याने एकट्याने. हाताने खाली चाचपून बघितलं, एक चीप इकडे घातली, एक तिकडे, मग वर उभा राहून पायाने दाबून बघितला. हलला नाही. बा नुसता हसला.

चार दिवस काम झालं. ताल गुडघ्याएवढी आली. पाचव्या दिवशी ते वादळ आलं. जून लागला न लागला तोच, दुपारीच अंधारून आलं, पत्रे उडाले, आंबे मोडून पडले, आणि डोंगरावरून जे पाणी सुटलं ते आमच्या अर्ध्या तालीवरून गेलं. सैल मुरूम, सैल दगड, सगळं ओहळात. ओहळापलीकडे काकीची ताल जागच्या जागी उभी होती, कारण ती पुरी झाली होती. दोन आठवडे. फक्त दोन आठवड्यांचा फरक. मी ते बघत उभी राहिले आणि काकीचा राग आला, बिचारीचा काही दोष नसताना. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

त्या पावसाळ्यात काकीच्या खाचरात इंद्रायणी भात आला. कंपनीचा फोन दसऱ्याच्या सुमारास आला. मी म्हणाले, जात नाही. बा म्हणाला, "जा. हितं बसून माझं तोंड बघनार का?" मी जायच्या आदल्या दिवशी काकी नव्या तांदळाची पहिली पिशवी घेऊन आली. तिने स्वतःच्या घरात अजून शिजवला नव्हता. मी भात केला. बाने अंगणात बसून चार घास खाल्ले, त्याच्यापुढे त्याला दमाने जाईना. काकीने विचारलं, "कसा हाय?" तो म्हणाला, "ग्वाड हाय. लई ग्वाड हाय." मी चुलीपाशी होते. तो आईला काय म्हणायचा ते मला आठवलं आणि मी बाहेर आलेच नाही.

पौषात तो गेला. रात्री झोपला आणि सकाळी उठला नाही. मला फोन काकीने केला, टेकडीवर चढून, रेंज मिळेल तिथून. मी पोचेपर्यंत सगळं आवरून ठेवलं होतं, फक्त माझीच वाट होती. तेराव्यानंतर मी घराला कुलूप लावून चाकणला परत गेले. दोन महिने वायरी जोडल्या. लाल लालमध्ये, काळी काळ्यामध्ये. सुपरवायझर म्हणायचा, तुझ्या हाताला चूक माहीतच नाही. मनात मात्र एकच वाक्य फिरत राहायचं, मरायच्या आधी एक तरी स्वतःचं बांध. काय तोंड म्हणायचं हे! कोणी शत्रूलासुद्धा असं बोलत नाही.

शिमगा झाला आणि काकीचा फोन आला. "ये गं बाय. परवा आपली पडकई."

"रोजगार हमीचं काम आलं?" मी विचारलं. "मस्टर निघालं का?"

"न्हाई आलं. आमीच घ्यायचं ठरवलंय. घरटी एक मानूस."

"कोणाच्या रानात?"

ती म्हणाली, "आसं काय इच्यारतीस? औंदा तुमचाच नंबर पयला."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणणार होते की आमचं घर शेवटी असतं. मग कळलं, आणि मी कंपनीच्या गेटवर, सगळ्या बसवाल्यांच्या देखत रडले. पहिला नंबर! पडकई मोडेपर्यंत जो माणूस दुसऱ्यांचे नंबर लावत शेवटी उभा राहिला, त्याला पहिला नंबर मिळाला तो मेल्यावर. मला त्या रीतीचा इतका संताप आला की काकीला म्हणाले, "नको मला तुमचा नंबर. आता कोणासाठी बांधायचं?" ती म्हणाली, "मला इच्यारलंस व्हय, माझं बांधताना? ये गपचीप."

मी गेले. पहाटेच सगळे आमच्या उतारावर जमले होते, गेल्या वर्षी ज्यांची मजुरी बुडाली होती ती सगळी. घरटी एक माणूस. आमच्या घरचा माणूस मी. काकीने बाची पहार माझ्या हातात दिली. पहारीच्या मधल्या भागाला त्याच्या हातांनी गुळगुळीत झालेली जागा होती. माझा हात तिथं पुरा बसत नव्हता.

"घरधन्याचा पयला दगुड," कोणीतरी म्हणालं. "मेटबाई, तुमी बसवायचा."

वादळाने वाहून आणलेला गाळ आणि गवत त्या कोपऱ्यात साठलं होतं. मी फावड्याने ते बाजूला करायला लागले. वीतभर खाली गेले आणि फावडं दगडाला लागून वाजलं. हाताने माती पुसली. तो काळा दगड होता. सगळी ताल गेली होती, पण तो जागचा हलला नव्हता. त्याच्याखाली इकडून एक चीप, तिकडून एक चीप, तशीच.

काकी जवळ आली, खाली बसली, दगडावर हात ठेवला आणि म्हणाली, "घरधन्यानं बसवून ठिवलाय की. चला, ह्याच्यावरच चढवा."

मी तो दगड पायाने दाबून बघितला, त्याने बघितला होता तसा. मग मोठ्याने म्हणाले, सगळ्यांसमोर, "बा, मी चुकले." आणि दुसरा दगड उचलायला वाकले.